तीस बेडच्या नर्सिंग होमला क्लिनिकल गव्हर्नन्स परवडतं का?

प्रश्न एका तरुण सर्जनचा आहे, थोडक्यात असा: "इंदूरला राजेंद्र नगर भागात वडिलांनी उभं केलेलं तीस बेडचं नर्सिंग होम आता मी आणि माझी पत्नी चालवतो. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. एक सल्लागार म्हणतात, 'क्लिनिकल गव्हर्नन्स' (उपचारांच्या दर्जाची जबाबदारी ठरवणारी व्यवस्था) आणा, एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) त्याच्या मागोमाग येईल. पहिल्या वर्षाचं कोटेशन पावणेबारा लाखांचं आहे. बाबा म्हणतात, चाळीस वर्षं याच्याशिवाय चाललं, आता फायली रंगवायला पैसे कशाला? खरंच फायदा आहे का? असला तर कोणाचा? नसेल तर तसं स्पष्ट सांगा."

स्पष्टच सांगतो. पावणेबारा लाख हा या हिशोबातला लहान आकडा आहे. मोठा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बावीस वर्षांची सिस्टर "सर, थांबा" म्हणाली तर तुम्ही थांबाल का, तो खर्च हा आहे. थांबणार असाल तर निम्मं काम जवळजवळ फुकटात होतं. थांबणार नसाल तर पैसे पाण्यात जातील आणि बाबांचं म्हणणं खरं ठरेल.

मी भूलतज्ज्ञ. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडून तीस वर्षं झाली. त्यातली वीस वर्षं बॅग उचलून हिंडण्यात गेली. सकाळी पाटनीपुऱ्यात हर्निया, दुपारी जेल रोडला सिझर, रात्री अन्नपूर्णा रोडला अपेंडिक्स. नंतरची दहा एका मध्यम हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघण्यात गेली. सर्जनला बहुधा आपली एकच ओटी माहीत असते, बॅगवाल्या भूलतज्ज्ञाला पंधरा माहीत असतात. कुठे सक्शन चालतं, कुठे नुसतं दाखवायला ठेवलंय, कुठली सिस्टर बोलते आणि कुठे सगळ्यांच्या तोंडाला कुलूप असतं, हे आम्हाला दारातून आत शिरतानाच कळतं. म्हणून पुढचं सगळं त्या जागेवरून लिहिलेलं आहे असं समजा.

'क्लिनिकल गव्हर्नन्स' हा शब्द जिथून आला तिथेही एक भूलतज्ज्ञच होता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया होत. तिथल्या स्टीफन बोल्सिन नावाच्या भूलतज्ज्ञाला दिसलं की इथे केस फार लांबतात आणि मुलं जास्त जातात. त्यानं आकडे जमवले, वरच्यांना दाखवले. ऐकून घेण्याऐवजी त्यालाच वेगळं पाडलं गेलं आणि शेवटी तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. इयान केनेडींच्या चौकशी समितीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असा निष्कर्ष त्यात आहे. ब्रिस्टलमध्ये माहिती होती, हुशार सर्जन होते, पैसेही होते. नव्हतं ते ऐकणारं माणूस. तोवर तिथल्या हॉस्पिटलच्या प्रमुखावर कायद्यानं पैशाच्या हिशोबाची जबाबदारी होती, उपचार चांगला झाला की वाईट याची नव्हती. १९९८ मध्ये स्कॅली आणि डोनल्डसन यांनी या नव्या जबाबदारीची मांडणी केली, १९९९ मध्ये ती कायद्यात आली आणि 'क्लिनिकल गव्हर्नन्स' हे नाव रूढ झालं.

पुस्तकात त्याचे सात खांब असतात: ऑडिट, जोखीम, प्रशिक्षण वगैरे. तुमच्यासाठी चार प्रश्न पुरेत. कोण काय करतं? ते नीट झालं की नाही हे कोण बघतं? बिघडलं तर कोणाला कळतं? आणि कळल्यावर काय बदलतं? एनएबीएच ही याची परीक्षा आहे, आणि गाइड वाचून परीक्षा पास होणारे आपल्या वर्गात होतेच.

आता कोटेशन. त्याची पानं उघडा आणि लाल पेन घ्या. फायर एनओसी, बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या-निळ्या वर्गवारीचं सामान, स्टाफची नोंदणी-कागदपत्रं, मध्य प्रदेशच्या १९७३च्या उपचर्यागृह कायद्याखालच्या नूतनीकरणाची तयारी, या सगळ्यावर काट मारा. हे गव्हर्नन्सचे खर्च नाहीत, दवाखाना उघडा ठेवायचे खर्च आहेत. कचऱ्याचे नियम २०१६चे आहेत, ते सल्लागार आला म्हणून लागू होत नाहीत. जबलपूरला ऑगस्ट २०२२ मध्ये एका खासगी हॉस्पिटलला आग लागून आठ जण गेले, त्यानंतर फायरच्या कागदाबद्दल कोणाला शंका उरायला नको. माझ्या अनुभवात अशा कोटेशनमधला बराच भाग या जुन्या थकबाकीचा असतो आणि तो नव्या नावाखाली खपवला जातो. राहिलेली रक्कम म्हणजे खरा प्रस्ताव.

त्यात पैशापेक्षा वेळ बघा. रात्रपाळीला एक सिस्टर आणि दहा रुग्ण समजा. नवे चार फॉर्म आले: पडण्याची जोखीम, बेडसोअरची जोखीम, वेदनेचा स्कोअर, हस्तांतराची नोंद. एकाला तीन मिनिटं धरली तर दहा रुग्णांचे दोन तास होतात. हे दोन तास आकाशातून पडत नाहीत, रुग्णाजवळच्या वेळातून कापले जातात. एकतर आणखी एक सिस्टर ठेवा, किंवा चारातले दोन फॉर्म फाडा. तिसरा मार्ग सगळे निवडतात: पहाटे चार वाजता सगळे फॉर्म एका बैठकीत भरायचे, सगळ्यांचा वेदनेचा स्कोअर दोन. म्हणून नवा कागद आला की मी जुना एक मागतो. आमच्या हॉस्पिटलात हा नियम मी भांडून करून घेतला होता. दुसऱ्या कुठल्याही कामापेक्षा सिस्टर लोकांनी मला त्यासाठी जास्त दुवा दिला.

फायदा कोणाचा, हे तुम्ही विचारलंत ते बरं झालं. सल्लागार त्यावर एक गुळगुळीत स्लाइड दाखवतात, रुग्णाचाही, डॉक्टरचाही, संस्थेचाही. तसं नसतं. खरगोनहून आलेल्या एखाद्याचा जाळी टाकून हर्निया केलात आणि बाराव्या दिवशी टाक्यातून पू आला, असं धरा. तो रोख पैसे भरणारा असेल तर ड्रेसिंगचं बिल होतं, अँटिबायोटिकचं होतं, जाळी काढावी लागली तर दुसऱ्या ऑपरेशनचंही होतं. म्हणजे ऐकायला घाण वाटेल, पण इन्फेक्शन तुमच्या गल्ल्यात पैसे टाकतं. तोच रुग्ण आयुष्मानच्या (सरकारी विमा योजनेच्या) ठरलेल्या रकमेच्या पॅकेजमधला असेल तर पुढचं बरंच तुमच्या खिशातून जातं. एकच पू, पण एका वहीत जमेला आणि दुसऱ्या वहीत खर्चाला. म्हणून पहिलं काम हे करा: गेल्या वर्षभराच्या ऑपरेशनांचे तीन ढीग पाडा, रोख, टीपीए (खासगी विम्याचे) आणि आयुष्मान. पॅकेजचा ढीग जितका मोठा, तितकं गव्हर्नन्स तुम्हाला पैशात परत देईल. आयुष्मान योजनेच्या आखणीत एनएबीएचवाल्यांना दरात वाढही ठेवलेली आहे, एन्ट्री लेव्हलला (पहिल्या पायरीला) १० टक्के आणि पूर्ण मानांकनाला १५ टक्के. तुमच्या ढिगावर हा गुणाकार स्वतः करा, सल्लागाराकडून करून घेऊ नका.

रोखीचा ढीग मोठा असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, पहिली दोन वर्षं गव्हर्नन्स तुम्हाला पैशात तोट्याचं वाटेल. कारण ते सगळ्यात आधी ज्याला हात घालतं ते म्हणजे औषधं. स्वच्छ ऑपरेशनला चिरा देण्यापूर्वी तासाभराच्या आत अँटिबायोटिकचा एक डोस पुरतो, हे आपण सगळे परीक्षेत लिहून आलो. तरी वॉर्डात पाच दिवस सेफ्ट्रिॲक्झोन चालूच असतं. ते बंद करा म्हटलं की मेडिकलचा गल्ला उतरतो. एका मालकांनी मला तोंडावर विचारलं होतं, "मेडिकलवाला भाडं कमी करा म्हणेल, ते तुम्ही देणार का?" प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरगोनच्या माणसाची बुडालेली मजुरी, बसचे हेलपाटे, बरोबर आलेल्या भावाचं जेवण, हे तुमच्या कुठल्याच वहीत येत नाही. ते धरायचं की नाही, हा हिशोबाचा मुद्दा राहत नाही, तुमचा राहतो.

आता त्या मोठ्या खर्चाकडे येतो. घटना माझीच आहे.

पावसाळ्यातली रात्र, दिवसातली पाचवी केस, एका नर्सिंग होममध्ये सिझर. बाई बाहेरगावची, आधीच रक्त कमी. त्यामुळे सर्जननी ट्रॅनेक्झॅमिक तयार ठेवायला सांगितलं होतं. ते रक्तस्राव कमी करायला शिरेतून द्यायचं. स्पायनलचं, म्हणजे कमरेखालच्या भुलीचं, ब्युपिवाकेन हेवी पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात द्यायचं. दोन्ही पाण्यासारखी बिनरंगी, दोन्ही काचेच्या छोट्या ॲम्प्यूलमध्ये, एक चार मिलीची, दुसरी पाचची. कंपनी बदलली की लेबलचा रंग बदलतो. त्या रात्री दोन्ही एकाच ट्रेमध्ये होत्या. सिस्टरनं ॲम्प्यूल फोडून पुढे धरली, मी सिरिंजमध्ये दोन मिली ओढून घेतलं. वॉर्डबॉयनं बाईला पुढे वाकवून धरलेलं. सुई गेली, पाण्याचा थेंब आला, मी सिरिंज उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, एक बार ॲम्प्यूल देख लीजिए ना."

मी काय म्हणालो ते लिहिताना आजही लाज वाटते. "पहले खुद सीख लो, फिर मुझे सिखाना." ती गप्प बसली, पण हात पुढे धरून उभी राहिली, हातात ती फोडलेली ॲम्प्यूल. मग मी बघितलं. ट्रॅनेक्झॅमिक.

ते पाठीत गेलं तर काही मिनिटांत झटके सुरू होतात, हृदयाची लय बिघडते. नोंद झालेल्या अशा घटनांत साधारण निम्मे रुग्ण दगावले आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या एका चुकीबद्दल जगभर इशारा काढला. आम्हाला इंदूरमध्ये तो इशारा दहा वर्षं आधी मिळाला होता, नोकरीला लागून चार महिने झालेल्या एका मुलीकडून. आणि हे विसरू नका की चुकीची ॲम्प्यूल फोडली तिनंच होती. म्हणजे मला थांबवताना ती स्वतःची चूकही उघडी करत होती.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅनेक्झॅमिक स्पायनलच्या ट्रॉलीवरून उचलून दाराजवळच्या कपाटात ठेवलं. खर्च शून्य. औषध ओढण्याआधी लेबल दोघांनी मोठ्यानं वाचायचं ठरवलं. खर्च पाच सेकंद. मग मालक सर्जनना सांगायला गेलो. ते म्हणाले, "काही झालं नाही ना? मग लिहू नका. कागद झाला की वकील येतो." मेट्रननं त्या मुलीला चुकीची ॲम्प्यूल फोडल्याबद्दल सगळ्यांसमोर झापलं आणि तीन महिन्यांत ती नोकरी सोडून गेली. माझंही तिथलं जाणं हळूहळू थांबलं. वर्षभरानं एका केससाठी गेलो, तर ट्रेमध्ये दोन्ही ॲम्प्यूल शेजारीशेजारी होत्या. लिहिलेलं काही नव्हतं आणि माहीत असलेली दोन्ही माणसं तिथून गेलेली. गव्हर्नन्स नसण्याची किंमत म्हणजे काय, ते मला त्या ट्रेमध्ये दिसलं. चूक एकदा घडली, तिचा धडा फुकटात मिळाला होता, आणि तोही हरवला.

त्या मालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. १९९५च्या शांता खटल्यापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली आणि आपल्याकडे हॉस्पिटलच्या अंतर्गत चर्चेच्या कागदांना कायद्याचं खास संरक्षण नाही. पण या भीतीनं आपण भलत्याच ठिकाणी काटकसर करतो. केस पेपरवर वेळ घालून खरं लिहायचं, खाडाखोड करायची नाही, राहिलेलं नंतर लिहिलं तर 'नंतर लिहिलं' म्हणून आजची तारीख घालायची. रुग्णाला इजा झाली असेल तर ते नातेवाइकांना तुम्हीच सांगायचं, वॉर्डबॉयकडून कळू द्यायचं नाही. आणि शिकण्यासाठीची नोंद वेगळी: काय घडलं, कधी, काय बदललं. कोणाचं नाव नाही, कोण दोषी याचा निवाडा नाही. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टानं नुसती चूक आणि घोर निष्काळजी यांच्यात फरक केला आहे. तो फरक उद्या तुमच्या बाजूनं दाखवायचा तर कोरा केस पेपर कामाचा नाही.

संमतीपत्राचंही तसंच. झाबुआ-अलीराजपूरहून आलेल्या भिली बोलणाऱ्या बाईचा अंगठा इंग्रजी फॉर्मवर घेतलात तर तो कागद तुमचाही बचाव करत नाही आणि तिलाही काही सांगत नाही. तुमच्या पत्नीला २००८चा समीरा कोहली निकाल माहीत असेलच. तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, असं कोर्टानं त्यात म्हटलं. तुमच्या स्टाफमध्ये भिली किंवा निमाडी बोलणारी एखादी मावशी असेल. तिला संमतीच्या वेळी बोलवा आणि बाईला काय कळलं ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. या कामाचे मावशीला पगारावर वेगळे पैसे द्या. ही कोटेशनमध्ये नसलेली, पण मी मंजूर करेन अशी ओळ.

उलट बाजूही सांगतो, कारण बाबांचा 'फायली रंगवणं' हा शब्द अगदी बरोबर आहे. एका ठिकाणी मी इन्सुलिनच्या फ्रिजचा तापमानाचा तक्ता बघितला. २ ते ८ अंशांत राहायला हवं, दिवसातून दोनदा नोंद. सगळी नोंद एकाच निळ्या पेनाची, चार, चार, साडेचार, चार. जूनच्या ३१ तारखेचंही तापमान भरलेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी हात धुण्याचं पालन रजिस्टरमध्ये ९५ टक्के. मी स्टोअरमधला इंडेंट (मागणीची नोंद) मागवला. हँडरबसाठी (हाताला चोळायच्या जंतुनाशकासाठी) जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ निकष रुग्णामागे दिवसाला २० मिलीचा आहे. सरासरी २५ रुग्ण म्हणजे रोज अर्ध्या लिटरची एक बाटली, महिन्याला तीस. इंडेंटवर बाटल्या होत्या सहा. त्या दिवसापासून मी हात धुण्याचं ऑडिट बंद करून बाटल्या मोजतो. बाटल्या ओतून टाकल्या तर हाही आकडा फसवेल, पण तेवढा उद्योग कोणी करत नाही.

असल्या फायलींचा खर्च नुसता वाया जात नाही, त्यातून खोटी खात्री पैदा होते. इंग्लंडमध्येच, ब्रिस्टलच्या नंतर, सगळे नियम-समित्या असताना मिड स्टॅफर्डशायर या सरकारी हॉस्पिटल संस्थेचं प्रकरण घडलं. पैसे वाचवायला परिचारिका कमी केल्या, रुग्णांना पाणी द्यायला माणूस नाही अशी वेळ आली, आणि त्याच संस्थेला २००८ मध्ये वरचा दर्जा बहाल झाला. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा २०१३चा अहवाल २९० शिफारशींचा आहे. शिफारशींची संख्या वाढत जाते, हेही एक लक्षणच म्हणा.

ओटीच्या चेकलिस्टचं उदाहरण तुमच्या सर्वात कामाचं. ऑपरेशनच्या वेळी मोठ्यानं वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी, आठ देशांतली आठ शहरं, त्यात दिल्लीही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. तो अभ्यास 'आधी आणि नंतर' असा होता, शेजारी तुलनेला गट नव्हता, हे ध्यानात ठेवा. पुढे कॅनडातल्या ओंटॅरियो प्रांतानं हीच यादी १०१ हॉस्पिटलांत आणली. २०१४चा निष्कर्ष: मृत्यूत म्हणण्यासारखा फरक नाही. कागद तोच होता. माझं मत विचाराल तर फरक यादीत नाही, ती वाचताना सर्जन हात थांबवतो की नाही यात आहे. इंदूरमध्ये मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. एके ठिकाणी रुग्ण वॉर्डात पोचल्यावर सिस्टर सगळ्या चौकोनांत टिक करते. दुसरीकडे सर्जन हात बांधून उभे राहतात, रुग्णाचं नाव, बाजू, काय करणार हे स्वतः बोलतात आणि शेवटी मॉपचा (रक्त टिपायच्या कापडी तुकड्यांचा) हिशोब जुळेपर्यंत टाका घालत नाहीत. त्याला दीड मिनिट लागतं. त्या सर्जनच्या ओटीत मॉप मोजणारी सिस्टर "एक कमी आहे" असं ठणकावून सांगते, कारण तिला माहीत आहे की ते ओरडणार नाहीत, शोधतील.

मग तुम्ही करायचं काय? सगळं एकदम नको. चेकलिस्ट सोमवारपासून, पहिला महिना तुम्ही स्वतः वाचायची. फोनवरच्या ऑर्डरला सिस्टरनं परत वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' मोबाइलवर सारखेच ऐकू येतात, आणि आपल्याकडे डॉक्टर हिंदीत, सिस्टर मल्याळी वळणाच्या इंग्रजीत. इन्सुलिनचं कपाट आजच उघडून बघा. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदीचं मिळतं, सिरिंजही दोन, ४०ची लाल टोपणाची आणि १००ची केशरी. १००चं औषध ४०च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. वॉर्डात एकच ताकद आणि एकच रंग ठेवा. यात खर्च नाही, फक्त मेडिकलवाल्याशी एक भांडण आहे.

आणि ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी प्रत्येकाला एक फोन. इन्फेक्शन ३० दिवसांपर्यंत मोजायचं असतं, जाळी किंवा इम्प्लांट असेल तर ९०. आपण डिस्चार्जपर्यंत मोजतो आणि मग सगळ्यांचा दर शून्य येतो. सेंधव्याचा रुग्ण पू आला की सेंधव्यातच ड्रेसिंग करून घेतो, तुम्हाला कळतही नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला तीन प्रश्न लिहून द्या: ताप आला का, टाक्यातून काही आलं का, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं का. पहिल्या तीन महिन्यांत तुमचा दर वाढलेला दिसेल. घाबरू नका, तो आधीही तितकाच होता. सल्लागाराला ठेवायचंच असेल तर हे आकडे हातात आल्यावर ठेवा आणि फक्त एन्ट्री लेव्हलपुरतं. बाकीची रक्कम एका जादा रात्रपाळीच्या सिस्टरवर घाला.

बाबांबद्दल एक. चाळीस वर्षं याच्याशिवाय चाललं असं ते म्हणतात, पण ते याच्याशिवाय चाललेलं नव्हतं. रात्री अकराची त्यांची राऊंड हेच गव्हर्नन्स होतं. प्रत्येक रुग्ण, प्रत्येक सिस्टर, कुठल्या कपाटात काय, सगळं एका डोक्यात. आता तुम्ही दोघं, वर चार व्हिजिटिंग कन्सल्टंट, रात्री ड्युटी डॉक्टर, दर सहा महिन्यांनी बदलणारा स्टाफ. ती वही आता कोणा एकाच्या डोक्यात मावत नाही. हे त्यांना असं सांगून बघा. 'तुमच्या वेळी चुका व्हायच्या' असं म्हणालात तर संपलं.

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी पाऊण तास ओटी बंद ठेवा. सगळे बसतील: सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, रिसेप्शन. कचोरी मागवा, हे इंदूर आहे. महिन्यात काय चुकता चुकता राहिलं, एवढाच विषय. पहिली केस तुमची स्वतःची सांगा, कोणावर न ढकलता. मालकाची केस पहिली आली नाही तर बाकी कोणाचं तोंड उघडत नाही, हे मी करून पाहिलं आहे. दुसरी केस बाबांना सांगू द्या. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे एक तरी असेलच, आणि बहुतेक ती त्यांनी आजवर घरातही कोणाला सांगितलेली नसेल.